बारा डिसेंबरच्या आधीचे घर

वर्धा जिल्ह्यात कितीतरी गावांना लागून मुरमाड बरड आहे. बोरी-बाभळीची खुरटी झुडपे, पावसाळ्यात उगवणारे गवत आणि त्यावर चरणारी गुरे. अशाच जमिनींवर पुढे गरजेनुसार शाळा बांधली गेली, दवाखाना आला, स्मशानभूमी झाली, भूमिहीनांना घरासाठी पट्टे मिळाले. वस्ती वाढली, पण महसूल दप्तरातली नोंद तशीच राहिली : ‘झुडपी जंगल’.

ही नोंद जुन्या मध्य प्रांताची देणगी आहे. 1950च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, संपली आणि मालगुजारांच्या ताब्यातल्या पडीक, चराऊ जमिनी सरकारजमा झाल्या. गावाच्या निस्तारासाठी, म्हणजे चराई, सरपण, वाटा यांसाठी, लोक त्या वापरतच होते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी वर्धा, नागपूर, भंडारा आणि चांदा हे जिल्हे मुंबई राज्यात आले. त्यांच्यासोबत ही नोंदही आली. पुढे त्यांतून गडचिरोली आणि गोंदिया वेगळे झाले. आज पूर्व विदर्भाच्या या सहा जिल्ह्यांत झुडपी जंगलाचे क्षेत्र सुमारे 86 हजार हेक्टर आहे.

नियम बदलला, गाव तिथेच

25 ऑक्टोबर 1980पासून वनजमिनीचा वनेतर वापर करायला केंद्राची परवानगी सक्तीची झाली. मात्र ‘वन’ कशाला म्हणायचे, यावर मतभेद होते. झुडपी जंगल ही महसुली जमीन समजून अधिकारी तिचे वाटप करत राहिले. 12 डिसेंबर 1996 रोजी गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की सरकारी दप्तरात वन म्हणून नोंद असलेली जमीन, मालकी कोणाचीही असो, वनच मानावी. देशातली उरलीसुरली जंगले वाचवायला हा आदेश हवाच होता. पण त्याच एका वाक्याने इथल्या शाळा आणि घरे जंगलात जाऊन बसली.

या गुंत्यावर 22 मे 2025 रोजी सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्यायमूर्ती ऑगस्टीन जॉर्ज मसीह यांच्या खंडपीठाने निकाल दिला. झुडपी जंगल हे वनच, हा मूळ नियम न्यायालयाने कायम ठेवला. मात्र 12 डिसेंबर 1996पूर्वी सक्षम अधिकाऱ्याने वाटलेल्या जमिनींसाठी अपवाद केला. राज्याने जिल्हावार प्रस्ताव पाठवून त्या वनक्षेत्राच्या यादीतून वगळून घ्यायच्या. त्यासाठी पर्यायी वनीकरणाची किंवा जमिनीचे निव्वळ वर्तमान मूल्य भरण्याची अट नाही. त्या तारखेनंतरच्या वाटपाला मात्र ही मोकळीक नाही. नियम मोडून जमीन देणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाई झाल्याची खात्री पटल्यावरच केंद्राने अशा प्रस्तावांचा विचार करायचा. शिवाय हा निकाल इतरत्र दाखला म्हणून वापरता येणार नाही, असेही न्यायालयाने बजावले.

सवलत कुणाला, कशासाठी

नवा नियम आला की जुन्याचे काय करायचे, हा प्रश्न जगभरच्या कायद्यांपुढे येतो. जुन्यांना सवलत देणे हे त्याचे एक उत्तर. पण हे हत्यार चांगल्या हाती असतेच असे नाही. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याने 1898मध्ये मतदारांवर साक्षरतेची किंवा मालमत्तेची अट घातली. पण ज्यांना, किंवा ज्यांच्या बाप-आज्यांना, 1 जानेवारी 1867 रोजी किंवा त्याआधी मताचा हक्क होता, त्यांना त्यातून सूट दिली. तेव्हा काळ्या लोकांना तिथे मताधिकारच नव्हता. म्हणजे तारीख निवडतानाच कोणाला वगळायचे ते ठरले होते. ओक्लाहोमा राज्याची अशीच तरतूद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1915मध्ये रद्द केली.

म्हणून कोणत्याही सवलतीची तारीख कशावरून ठरली, हे आधी विचारावे. वर्ध्याच्या बाबतीत त्याचे उत्तर सरळ आहे. 1996पूर्वी पट्टा घेणाऱ्याने सरकारवर विश्वास ठेवला होता. सरकारनेच दिलेल्या जागेवर त्याने भिंती उभारल्या. त्याला नंतरच्या व्याख्येने अतिक्रमक ठरवणे अन्याय झाला असता. त्याच वेळी आजही मोकळ्या असलेल्या झुडपी जमिनीवर उद्या कोणी प्लॉट पाडेल, तर त्याला या निकालाचा आडोसा मिळू नये. उरलेले तीन हेक्टरांहून लहान, जंगलाला न लागलेले तुकडे संरक्षित वन म्हणून जाहीर करायला न्यायालयाने सांगितले आहे, ते यासाठीच. आर्वी-कारंजा-आष्टी पट्ट्यात गवळाऊ गाय टिकली ती गावालगतच्या चराईवर. ‘पडीक’ म्हणून हिणवलेली ही बरडे गावाच्या उपयोगाची आहेत.

माझी काळजी वेगळी आहे. वनहक्क कायद्यात 13 डिसेंबर 2005पूर्वीचा ताबा सिद्ध करायला गावातल्या वडीलधाऱ्यांचे निवेदनही पुरावा म्हणून चालते. झुडपीच्या सवलतीचा पाया मात्र सक्षम अधिकाऱ्याचे वाटप आहे, म्हणजे कागद. ज्या आजीने तीस-पस्तीस वर्षे पट्टा पेटीत जपला, ती तरेल. ज्यांचा कागद पुरात गेला किंवा वाळवीने खाल्ला, त्यांच्या वाटपाची नोंद तहसीलच्या जुन्या दप्तरात असेल. ती शोधणे त्यांच्या आवाक्यातले नाही. जमीन सरकारने दिली, नोंदही सरकारनेच ठेवली. मग शोधण्याचे कामही सरकारनेच करायला हवे. जिल्ह्याचा प्रस्ताव दिल्लीला जाण्याआधी पात्र जमिनींची यादी प्रत्येक ग्रामसभेत मोठ्याने वाचली जावी. सुटलेले नाव तिथेच कोणीतरी ओळखेल.