तापलेल्या मोटारीचें निदान

ताप हा स्वतः रोग नसून रोगाचें लक्षण होय, असें वैद्य सांगत असतात. मोटारीच्या एंजिनासही हें वचन तंतोतंत लागूं पडतें. कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यांत १९६४ पासून बांधली जाणारी फियाट ११०० 'डिलाइट' आणि तिनेंच १९७४ पासून धारण केलेलें 'पद्मिनी' हें नांव वाचकांच्या परिचयाचें आहेच. मुंबईच्या टॅक्सींतून पद्मिनीनें ऑक्टोबर २०२३ मध्यें निरोप घेतला, तरी कित्येक कुटुंबांनीं आपली जुनी गाडी अद्याप मायेनें जपून ठेविली आहे. अशा गाडीचें पाणी खंडाळ्याच्या घाटांत उकळूं लागलें म्हणजे मालकापुढें दोन अनिष्ट वाटा उभ्या राहतात. दुर्लक्ष केल्यास एंजिनाचें डोकें, म्हणजे हेड, वांकडें होतें. आणि घाबरून गेल्यास थोडक्या पैशांच्या दोषासाठीं सबंध एंजिन उतरविण्याचा खर्च पदरीं पडतो. या दोहोंतून सुटण्याचा मार्ग म्हणजे पद्धतशीर निदान.

प्रथम ही उष्णता येते कोठून, तें पाहूं. पेट्रोल जळतांना सिलिंडरांत क्षणभर दोन हजार अंशांहून अधिक उष्णतामान उत्पन्न होतें; ॲल्युमिनिअम तर ६६० अंशांवरच वितळतें. पेट्रोलांतील उष्णतेचा लहानसा भागच चाकांच्या कामीं येतो. बाकीची कांहीं धुरावाटे जाते व बराच मोठा वांटा पाण्यास उचलून न्यावा लागतो. पंप हें पाणी एंजिनाभोंवतीं खेळवितो, थर्मोस्टॅट त्याची वाट योग्य वेळीं उघडतो, रेडिएटरच्या बारीक नळ्यांत तें पसरतें आणि पंख्याचा वारा त्याची उष्णता हरण करतो. या सांखळींतील एक कडी निखळली कीं कांटा वर चढलाच म्हणून समजावें.

येथें एक सूचना सर्वांत आधीं. तापलेल्या रेडिएटरचें झांकण कधींही उघडूं नये. स्वयंपाकघरांतील प्रेशर कुकरचेंच तत्त्व तेथें असतें. झांकणाच्या दाबामुळें पाणी १०० अंशांवर उकळत नाहीं. दर चौरस इंचास ७ पौंड दाब असला तर तें सुमारें १११ अंशांपर्यंत तग धरतें. झांकण फिरवितांच दाब सुटतो, पाण्याची एकदम वाफ होते आणि तोंड व हात भाजून निघतात. गाडी बाजूस घेऊन एंजिन बंद करावें आणि तें पूर्ण निवेपर्यंत थांबावें. तापलेल्या एंजिनांत गार पाणी ओतणें हेंही तितकेंच घातक. धातु अकस्मात् आकुंचन पावून तडकतो. घाटांत गाड्या अधिक तापतात त्याचें मुख्य कारण एंजिनावरील भार आणि मंद गति हें होय. उंचीमुळें उत्कलनबिंदूही दर ३०० मीटरांस सुमारें एक अंशानें उतरतो.

आतां निदानाचा पहिला प्रश्न: गाडी तापते केव्हां? गर्दींत उभी असतां तापते आणि मोकळ्या रस्त्यावर निवते, तर दोष वाऱ्याचा. पंख्याचा पट्टा सैल झाला असेल किंवा पातीं मोडलीं असतील. वेगांत वा चढावर तापते, तर पाण्याचा प्रवाह अपुरा आहे. रेडिएटर आंतून तुंबला असावा. गाडी सुरू करून थोड्याच वेळांत कांटा चढला, तर थर्मोस्टॅट मिटलेलाच राहत असण्याचा संभव आहे. पाणी रोज कमी होत असेल, तर गळती शोधावी. आणि कांटा चढूनही उकळण्याचें कोणतेंच चिन्ह दिसत नसेल, तर प्रथम कांट्याचीच परीक्षा करावी.

थर्मोस्टॅटची परीक्षा घरींही होते. तो काढून पातेल्यांतील पाण्यांत दोऱ्यानें टांगावा, तळास टेकूं देऊं नये, आणि पाण्यांत उष्णतामापक धरून पाणी तापवावें. बहुतेक थर्मोस्टॅट ८० अंशांच्या पुढें उघडूं लागतात. पाणी उकळूं लागलें तरी जो मिटलेलाच राहील तो टाकून द्यावा. कित्येक कारागीर तो काढून गाडी तशीच चालविण्याचा सल्ला देतात. तो स्वीकारूं नये. एंजिन फार गार राहिलें म्हणजे पेट्रोल अधिक लागतें व झीजही वाढते.

जुन्या गाडींतील नेहमींचा अपराधी म्हणजे क्षार. बंबाच्या आंत सांचणारा पांढरा थर गृहिणींना ठाऊक आहे. विहिरीचें कठीण पाणी वर्षानुवर्षें घातल्यास तसाच थर रेडिएटरच्या नळ्यांत बसतो, आणि त्यांतून उष्णता धातूच्या मानानें फारच मंद वाहते. रेडिएटर निवल्यावर पाणी उलट दिशेनें सोडून धुवावा. तेवढ्यानें न भागल्यास जाणत्या कारागिराकडून नळ्या साफ करवून घ्याव्या. पुढें शुद्ध केलेलें पाणी व गंजरोधक कूलंट यांचें मिश्रण घालावें. कूलंटमधील ग्लायकोल चवीस गोड पण विषारी असतो. त्याचा डबा मुलांच्या आणि मुक्या जनावरांच्या आवांक्याबाहेर ठेवावा.

सर्व कांहीं निर्दोष असूनही ताप राहिला, तर दोष पाण्याबाहेर शोधावा. ठिणगी उशिरां पडणें, कार्ब्युरेटरचें मिश्रण पातळ असणें, अथवा ब्रेक चिकटून गाडी ओढली जाणें, यांनींही एंजिन तापतें. मात्र गार एंजिन सुरू केल्यावर रेडिएटरांत सतत बुडबुडे येत असतील, धुराड्यांतून पांढरी वाफ थांबत नसेल, किंवा तेल दुधाळ कॉफीसारखें दिसत असेल, तर हेड गॅस्केट फुटल्याचा बळकट संशय घ्यावा. अशा गाडीनें एक मैलही पुढें जाऊं नये. हेड उतरविल्यावर तें सपाट आहे कीं नाहीं, हें पट्टी लावून स्वतः पाहण्याचा आग्रह मालकानें धरावा. वांकड्या हेडवर नवें गॅस्केट टिकत नाहीं.

निदानाचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे असावा: पाणी, पट्टा, झांकण, नळ्या, थर्मोस्टॅट, रेडिएटर, आणि सर्वांत शेवटीं एंजिन. एका वेळीं एकच वस्तु बदलावी व गाडी चालवून पाहावी. नाहीं तर गुण कशानें आला तें कळतच नाहीं. आणि घाट चढण्यापूर्वीं, गाडी गार असतांना, पाण्याची पातळी पाहण्यास दोन मिनिटें पुरतात. तेवढीं दोन मिनिटें ज्या घरांत रोज काढलीं जातात, तेथील जुनी गाडी वाटेंत सहसा दगा देत नाहीं.