बुद्धिबळात पुढे कसे जाल?

मधल्या सुटीत व्हरांड्यात बुद्धिबळाचा पट मांडला की भोवती लगेच गर्दी जमते. घोडा अडीच घरे कसा जातो, उंट तिरपा कसा पळतो, हे आता पुष्कळांना येते. पण एक गोष्ट ध्यानात आली का? जो दिवाळीच्या आधी हरत होता, तो उन्हाळ्यातही तसाच हरतो. डाव संपला की लगेच मोहरे पुन्हा मांडायचे, चल दुसरा डाव! सुटीत चार डाव होतात आणि चारही डावांत चूक तीच. वर म्हणायचे, "मले वाटलंच नाही, तो घोडा तिथं येईन!"

मग पुढे कसे जावे? शिकवायला कोणी नाही, पुस्तक नाही, म्हणून अडून बसू नये. पट नसेल तर फरशीवर खडूने चौसष्ट घरे आखा, पुठ्ठ्याचे तुकडे कापून त्यांवर मोहऱ्यांची नावे लिहा. आणि शिकवायला आपला हरलेला डाव आहेच. तो कसा शिकवतो ते पाहू.

1) डाव लिहून ठेवा. पांढऱ्या मोहऱ्यांकडे बसले की डावीकडून उजवीकडे आठ उभ्या पट्ट्या येतात. त्यांना ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच म्हणतात. आपल्याकडून समोर जाणाऱ्या आडव्या ओळींना 1 ते 8 आकडे. म्हणजे प्रत्येक घराला नाव मिळाले. पांढऱ्या राजापुढचे प्यादे दोन घरे गेले की 'ई 4' असे लिहायचे. घोडा त्या घरात गेला तर 'घोडा ई 4'. जुन्या वहीची उरलेली पाने याला पुरतात. आठवड्यात एक तरी डाव असा लिहा.

2) डाव झाल्यावर दोघांनी मिळून तो पुन्हा मांडा. कुठे चुकले ते जिंकणाऱ्याला जास्त दिसते, म्हणून त्यालाच विचारा. यात लाज कसली? वहीत त्या खेळीखाली रेघ ओढा आणि चूक एका ओळीत लिहा : 'वजीर लवकर बाहेर काढला', 'उंटाकडे पाहिले नाही'. पाच डाव झाले की वही चाळा. बहुतेक वेळा एकच चूक पुन्हापुन्हा दिसेल. तेवढी एक सुधारली तरी खेळ पुष्कळ सुधारतो.

3) खेळी करण्याआधी हात मांडीवर ठेवा आणि मनाशी तीन प्रश्न विचारा. त्याने ही खेळी कशासाठी केली? माझा कोणता मोहरा फुकट जातो आहे? मी हे खेळलो तर तो काय करील? मोहऱ्यांची किंमतही पाठ असू द्या : प्यादे 1, घोडा 3, उंट 3, हत्ती 5, वजीर 9. हत्ती देऊन घोडा घेतला तर तो तोट्याचा सौदा, बरं का! चार खेळ्यांत मात करायची युक्ती काहींना फार आवडते. ती नवख्यावर एकदा चालते. समोरच्याने दुसऱ्यांदा नीट पाहिले की आपलाच वजीर पळत सुटतो.

4) डावाचा शेवट आधी शिका. पटावर थोडेच मोहरे असले की प्रत्येकाची ताकद नीट कळते. हे मांडून पाहा : पांढरे प्यादे ए 4 वर, काळा राजा एफ 5 वर, पांढरा राजा दूर एच 1 वर. प्याद्याला वजीर व्हायला चार घरे जायचे आहे. म्हणून प्याद्यापासून राजाच्या बाजूला चार घरे मोजा आणि मनात चौकोन आखा : ए 4, ई 4, ई 8, ए 8. आपल्या चालीला काळा राजा या चौकोनात शिरू शकला तर तो प्याद्याला गाठतो. इथे चाल काळ्याची असेल तर राजा ई 5 वर येतो आणि प्यादे सापडते. चाल पांढऱ्याची असेल तर प्यादे निसटते. एका चालीने सारा फरक पडतो!

5) शेवटपर्यंत बसा. आपल्या विदर्भातल्या नागपूरच्या दिव्या देशमुखचे नाव तुम्ही ऐकले असेल. जुलै 2025 मध्ये जॉर्जिया देशातील बाटुमी येथे महिलांच्या विश्वचषकाची अंतिम लढत झाली. समोर होती कोनेरू हम्पी, जलद बुद्धिबळात दोनदा जगज्जेती झालेली. दिव्याचे वय अवघे 19. पहिले दोन डाव बरोबरीत. मग जलद डाव ठेवले, त्यातला पहिलाही बरोबरीत. चौथा डाव काळ्या मोहऱ्यांनी खेळून 28 जुलैला दिव्या जिंकली आणि त्याच विजयाने ग्रँडमास्टर झाली. तीन डाव जिंकता आले नाहीत म्हणून ती खचली असती तर चौथा हाती आला असता का?

काही मुली दुरूनच डाव पाहतात, "हा पोट्ट्यांचा खेळ" म्हणतात. त्यांनी मुंबईच्या वासंती, जयश्री आणि रोहिणी या तीन खाडिलकर बहिणी लक्षात ठेवाव्यात. रोहिणी 1976 मध्ये, तेराव्या वर्षी, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. पुढे 1981 मध्ये ती आशियाई महिला विजेती झाली. तेव्हा मुलींनो, व्हरांड्यात या, पटाची एक बाजू तुमची आहे.

हरले की राग येतो, कधी रडूही येते. त्यात वाईट काही नाही. पण पट उधळून निघून गेलो तर तो डाव वाया जातो. लिहून ठेवला तर कामी येतो.

आता एक कोडे. वरच्याच मांडणीत काळा राजा एफ 5 ऐवजी जी 5 वर ठेवा. चाल काळ्याची आहे. प्यादे सापडेल का? आधी चौकोन आखून उत्तर ठरवा, मग मोहरे हलवून पाहा. उत्तर कागदावर लिहून या भित्तिपत्रकाखालच्या पेटीत टाका.