उपग्रहांवरचा अदृश्य मारा
पृथ्वीभोवती विद्युतभारित कणांचे दोन पट्टे आहेत. १९५८ साली ‘एक्सप्लोरर-१’ उपग्रहावरच्या गायगर गणकामुळे जेम्स व्हॅन अ‍ॅलन यांना त्यांचा सुगावा लागला. आतला पट्टा बराचसा स्थिर. खरी चिंता बाहेरच्याची. सौरवादळात तो कधी ओसरतो, कधी वेगवान इलेक्ट्रॉनांनी कितीतरी पट भरतो. हे इलेक्ट्रॉन उपग्रहाचं कवच भेदून तारांच्या वेष्टनात साचत जातात आणि अचानक ठिणगी पडून सर्किट निकामी होतं. भूस्थिर उपग्रह याच पट्ट्याच्या बाहेरच्या भागात फिरतात.

म्हणून अखंड पाळत हवी. भारताचं ‘आदित्य-एल१’ यान पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर सौरवारा आणि त्यातलं चुंबकीय क्षेत्र मोजतं. तिथून वादळ इथे पोचायला साधारण अर्धा ते एक तास. वेळ तोकडा आहे, पण क्षेत्राची दिशा दक्षिणेकडे आहे का, हे तिथेच खात्रीने कळतं आणि तडाख्याचा जोर बराचसा त्यावर ठरतो. तेवढ्यात नाजूक उपकरणं बंद करता येतात.

जुन्या नोंदीही मला तितक्याच मोलाच्या वाटतात. १८५९चं सौर महावादळ मुंबईच्या कुलाबा वेधशाळेने टिपलं. पुढे विजेच्या ट्रामचा अडथळा नको म्हणून चुंबकीय मोजणी अलिबागला गेली. किती मोठ्या वादळाची तयारी ठेवायची, हे ठरवताना अशाच नोंदी कामी येतात.