तीन चाकांची बाईक येते, हवा करते आणि रायडर नाराज होतात. दरवेळी असं का होतं?

एक रील तुमच्याही फीडमध्ये येऊन गेली असणार. घाटातलं वळण, जवळपास आडवी झालेली बाईक आणि बाईकला पुढे दोन चाकं. गंमत म्हणजे ती दोन्ही चाकं बाईकसोबतच तिरकी होतात. खाली कमेंट ठरलेल्या. कुणी विचारतं इंडियात कधी येणार, कुणी म्हणतं ही तर उलटी रिक्षा. आणि मधेच एखादा लिहून जातो की वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, अशी गाडी मिळाली तर ते परत बाईक चालवतील.

ही तिसरी कमेंट लक्षात ठेवा, कारण सगळा घोळ तिथेच आहे. रीलमधली गाडी बहुतेक वेळा यामाहाची निकेन असते, आणि गुडघा दुखणाऱ्या माणसासाठी ती बनलेलीच नाही. सिग्नलला थांबली की निकेन साध्या बाईकसारखीच कलंडते. पाय टेकवावाच लागतो, आणि त्या पायावर तोलायची असते २६३ किलोची गाडी.

मग तिसरं चाक दिलंय कशाला? हे समजून घ्यायला आधी रिक्षात बसू.

रिक्षातलं फिजिक्स

मागे तिघं बसलेत आणि रिक्षावाल्या काकांनी जोरात उजवीकडे वळण मारलं की डावीकडच्याच्या अंगावर बाकीचे दोघं जाऊन आदळतात. गाडी वळते, पण आपलं शरीर सरळच जायला बघतं. रिक्षा स्वतः झुकत नाही, म्हणून तो जोर आपल्याला आडवा लागतो. बाईकवर तसं होत नाही. बाईक वळणाच्या आतल्या बाजूला झुकते, आणि तोच जोर सीटमधून खाली चाकांकडे जातो. लोक ज्याला बाईक चालवायची मजा म्हणतात, ती बरीचशी या झुकण्यात आहे.

आता कंपनीला तिसरं चाक लावायचं असेल तर पहिल्याच दिवशी ठरवावं लागतं की गाडी झुकणार की नाही. नाही झुकली, तर ती आपल्या तीन चाकांवर निवांत उभी राहते, पण वळणावर रिक्षासारखी वागते. झुकली, तर बाईकची मजा टिकते, पण थांबल्यावर ती पडू शकते. जे झुकतं ते पडतंही, त्याला इलाज नाही. दोन्ही पाहिजे असेल तर झुकणारी यंत्रणा गरजेला लॉक करणारा जुगाड बसवावा लागतो, आणि त्याने वजन वाढतं, किंमतही वाढते.

दुसरा प्रश्न, दोन चाकं पुढे की मागे? ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे येतं. पुढे एकच चाक असेल आणि वळणावरच ब्रेक लागला, तर गाडी पुढच्या कोपऱ्यावर उलटायला बघते. पुढे दोन असतील तर ते वजन दोघांत वाटलं जातं. म्हणून नवीन मॉडेलमध्ये दोन चाकं बहुतेक पुढे दिसतात.

झुकणारच नाही म्हणणाऱ्या गाड्या

यातलं मोठं नाव म्हणजे कॅन-ॲम. कॅनडातल्या क्युबेकची बीआरपी ही कंपनी बर्फावरच्या स्की-डूसाठी ओळखली जाते. २००७ मध्ये तिने स्पायडर आणली. पुढे दोन चाकं, मागे एक, ९९८ सीसीचं इंजिन, आणि गाडी घसरायला लागली तर स्वतःच ब्रेक आणि पॉवर सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक डोकं. उभी राहते, पाय टेकवायची गरज नाही, रिव्हर्सही आहे. वय झालेले, कंबर किंवा गुडघे गेलेले, एका पायाने अधू असलेले आणि बाईकची कायम भीती वाटणारे असे कितीतरी लोक या गाडीकडे वळले.

नाराज झाले ते जुने बाईकवाले. साध्या बाईकवर उजवीकडे वळायचं तर उजवं हँडल हलकेच पुढे ढकलतात आणि बाईक तिकडे झुकते. वर्षानुवर्षांच्या सवयीने हे हातात इतकं बसलेलं असतं की रायडरला ते कळतही नाही. स्पायडरवर तसं केलं तर गाडी उलट्या दिशेला जाते! तिथे कारसारखं हँडल वळवावं लागतं, आणि वळणावर शरीर बाहेर फेकलं जाऊ नये म्हणून स्वतःलाच आत वाकून बसावं लागतं. अमेरिकेत तीन चाकीसाठी वेगळा ट्रेनिंग कोर्स आहे, तो उगाच नाही.

आणि रुंदी. स्पायडर जवळपास दीड मीटर रुंद आहे, म्हणजे आपल्या रिक्षापेक्षाही जास्त. ट्रॅफिकमधून फट काढून निघायचं स्वप्न संपलं. शिवाय तीन चाकं तीन वेगवेगळ्या रेषांत चालतात. पुढच्या दोन चाकांच्या मधोमध खड्डा घेतला तर मागचं चाक बरोबर त्यात जातं. आपल्या रस्त्यांवर याचा अर्थ काय, ते वेगळं सांगायला नको.

स्पायडर महाग पडते ही तक्रार ऐकून बीआरपीने २०१८ च्या शेवटाला रायकर काढली. छोटी, गिअर टाकायची भानगड नाही, अमेरिकेत सुरुवातीची किंमत ८,४९९ डॉलर. पाय ठेवायची जागा आणि हँडल कुठलंही अवजार न वापरता पुढेमागे करता येतं. माझ्या मते या सगळ्या गर्दीत सगळ्यात प्रामाणिक मॉडेल हेच. मी बाईक आहे असा दावा ती करत नाही, ज्याला बाईक येत नाही त्याच्यासाठीच ती आहे. कॅलिफोर्नियात तर ती कारच्या लायसन्सवर चालते.

२०२५ साठी आलेल्या कॅन्यनकडून ॲडव्हेंचरवाल्यांच्या अपेक्षा वाढल्या. उंच सस्पेंशन, कच्च्या रस्त्याची तयारी. पण इंजिनची ताकद इथेही मागच्या एकाच चाकाला मिळते, म्हणजे गाडीचा कल कच्च्या रस्त्याकडे असला तरी चिखलात उतरताना विचार करावा लागेल.

हार्ले-डेव्हिडसनचा रस्ता वेगळा. त्यांची सर्व्ही-कार १९३२ ते १९७३ अशी चार दशकं बनत होती, आणि अमेरिकन पोलीस तीवर बसून पार्किंगच्या पावत्या फाडायचे. २००९ च्या मॉडेलपासून ट्राय ग्लाइड आली. दोन चाकं मागे, वजन ५५० किलोच्या पुढे. ही गाडी घेणारा बहुतेक वेळा आधीपासूनचा हार्लेवालाच असतो, फक्त त्याच्याने आता जड बाईक तोलणं होत नाही. त्याला वेग नको असतो, बायकोला मागे बसवून लांबची ट्रिप पाहिजे असते. त्याची अपेक्षा गाडी पूर्ण करते. एकच सवय मोडावी लागते: थांबताना पाय खाली टाकायची. मागचं चाक पायावर चढू शकतं, म्हणून ट्रेनिंगमध्ये पाय वरच ठेवा हे पुन्हा पुन्हा सांगतात.

पाच मिलिमीटरची करामत

आता झुकणाऱ्या गाड्या. २००६ मध्ये इटलीच्या पियाजिओने एमपी३ आणली. होय, आपल्या बारामतीत आपे बनवणारी तीच पियाजिओ. पुढच्या दोन चाकांमध्ये समांतर दांड्यांची एक चौकट, त्यामुळे दोन्ही चाकं एकसारखी झुकतात. वेग अगदी कमी झाला की बटणाने ती चौकट लॉक करायची. मग पाय वरच ठेवून सिग्नलला उभं राहता येतं. ॲक्सिलरेटर दिला की लॉक सुटतं.

पॅरिसमध्ये ही स्कूटर तुफान चालली, आणि त्यात इंजिनिअरइतकाच कायद्याचाही हात होता. युरोपच्या नियमात पुढच्या दोन चाकांच्या मध्यांतलं अंतर ४६० मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर ती दोन चाकं एकच धरतात. म्हणजे गाडी मोटरसायकल, आणि लायसन्सही मोटरसायकलचं. पियाजिओने काय केलं, अंतर ४६५ मिलिमीटर करून नवीन आवृत्ती काढली. आता कागदावर ती तीन चाकी. फ्रान्ससह काही देशांत कारचं लायसन्स असलेला माणूस अटी पाळून ती चालवू शकतो. सूट-बूट घातलेले ऑफिसवाले कार सोडून तिच्यावर आले. आजवर दोन लाखांहून जास्त एमपी३ विकल्या गेल्यात.

धंदा दिसला की स्पर्धक येणारच. प्यूजोची मेट्रोपोलिस २०१३ मध्ये आली. या प्यूजो मोटोसायकल्समध्ये २०१५ मध्ये आपल्या महिंद्राने ५१ टक्के हिस्सा घेतला आणि २०१९ मध्ये पूर्ण कंपनीच ताब्यात घेतली. म्हणजे काही काळ झुकणाऱ्या तीन चाकी स्कूटरचा मालक मुंबईत बसत होता. तरी मेट्रोपोलिस भारतीय शोरूममध्ये काही दिसली नाही. उलट २०२१ मध्ये पॅरिस आणि मिलानच्या कोर्टांनी पेटंटच्या भांडणात पियाजिओच्या बाजूने निकाल दिला. २०२३ मध्ये महिंद्राने कंपनीचं नियंत्रण म्युटारेस या जर्मन कंपनीकडे सोपवलं.

निकेनचं काय चुकलं?

२०१७ च्या टोकियो मोटर शोमध्ये यामाहाने निकेन दाखवली तेव्हा अपेक्षा आभाळाला टेकल्या होत्या. स्कूटर नाही, पूर्ण स्पोर्ट्स बाईक. एमटी-०९ चं ८४७ सीसीचं तीन सिलिंडर इंजिन, पुढे दोन चाकं, ४५ अंशांपर्यंत झुकणं. आणि एक खरं काम ती करते. बाईकचं पुढचं चाक वाळूवर किंवा ओल्या पट्ट्यावर घसरलं की सावरायला वेळच मिळत नाही, माणूस खाली. निकेनचं एक चाक घसरलं तरी दुसरं धरून ठेवतं. ज्याने कधी पावसात डांबरावर पुढचं चाक सटकताना अनुभवलंय त्याला याची किंमत कळेल.

पण ग्राहक कोण? निकेनच्या चाकांमधलं अंतर ४१० मिलिमीटर, म्हणजे युरोपात कारचं लायसन्स चालत नाही, मोठ्या मोटरसायकलचंच पाहिजे. उभं राहायला लॉक नाही. म्हणजे जो आधीच तरबेज रायडर आहे तोच ही घेऊ शकतो. त्याने हिशोब केला. २०१९ मध्ये अमेरिकेत निकेन साधारण १६ हजार डॉलर, त्याच इंजिनची एमटी-०९ साधारण ९ हजार. वर ७० किलो वजन जास्त आणि पुढे दोन टायरचा खर्च. ज्याला तिसऱ्या चाकाची गरज होती त्याला गाडी झेपली नाही, आणि ज्याला झेपत होती त्याला गरज वाटली नाही.

सगळ्यात जास्त चिडचिड होते ती याची, की यामाहाला उभं राहणारी गाडी बनवता येत नव्हती असं नाही. २०२० च्या त्यांच्याच ट्रायसिटी ३०० स्कूटरला स्टँडिंग असिस्ट आहे, आणि चाकांमधलं अंतरही ४७० मिलिमीटर. निकेनवर मात्र त्यांनी शुद्ध बाईकवाल्यांना खूश करायचं ठरवलं. ते खूश झाले, कौतुक केलं आणि दोन चाकांची बाईक घेऊन घरी गेले.

होंडाने तर तेवढंही केलं नाही. २०१५ च्या टोकियो शोमध्ये निओविंग नावाची हायब्रिड, झुकणारी, तीन चाकी कॉन्सेप्ट मांडली. गोल्डविंग चालवून थकलेल्यांना वाटलं आपली सोय झाली. पण ती कधी विक्रीला आलीच नाही.

होंडाला या विषयाचा अनुभव नाही असंही नाही. १९७० मध्ये ब्रिटनच्या बीएसएने जॉर्ज वॉलिस नावाच्या माणसाच्या कल्पनेवर एरियल ३ ही ५० सीसीची तीन चाकी मोपेड काढली होती. मागची दोन चाकं जमिनीला धरून, पुढचा भाग झुकणारा. ती साफ आपटली. त्याच वॉलिसच्या पेटंटचे हक्क घेऊन होंडाने जपानमध्ये १९८२ पासून जायरो विकली, आणि ती डिलिव्हरीच्या धंद्यात घट्ट बसली. पिझ्झा घेऊन ओल्या गल्लीत दिवसातून पन्नास वेळा थांबणाऱ्या पोराला तिसऱ्या चाकाचा उपयोग समजावून सांगावा लागत नाही.

आपल्याकडे कुणाला पाहिजे?

भारतात तीन चाकी म्हटलं की धंद्याची गाडी. जानेवारी २०२४ मध्ये हिरोने सर्ज एस३२ दाखवली, तीही तशीच. मालवाहू तीन चाकीच्या पुढून स्कूटर वेगळी निघते, दिवसा माल वाहा, संध्याकाळी स्कूटरवर घरी जा. डोकं भारी लावलंय, पण झुकणाऱ्या बाईकशी तिचा संबंध नाही.

तिसऱ्या-चौथ्या चाकाची खरी गरज आपल्या रस्त्यावर रोज दिसते. पोलिओ झालेले, पाय गमावलेले, अर्धांगवायूतून सावरलेले लोक मागे दोन्ही बाजूंना साइड व्हील लावलेली स्कूटर चालवतात. नोकरीला जायचं, पोराला शाळेत सोडायचं, सगळं तिच्यावर. ती चाकं बहुतेक वेळा कंपनीची नसतात, गॅरेजवाल्याने बसवलेलं किट असतं. स्कूटर झुकू शकत नाही, त्यामुळे वळणावर स्पायडरवाल्याचीच अडचण, फक्त स्पायडरचं इलेक्ट्रॉनिक डोकं नाही आणि मूळ स्कूटर या कामासाठी बनलेलीही नाही. रस्ता एका बाजूला उतरता असेल तर अख्खी गाडी तिकडे कलते. या लोकांना ना निकेन उपयोगाची, ना ५५० किलोची हार्ले.

एमपी३ किंवा ट्रायसिटीनेही सगळं सुटत नाही हे इथे लक्षात घ्यायला हवं. लॉक फक्त थांबताना मदत करतं. चालताना तोल माणसालाच सांभाळावा लागतो, आणि लॉक वेळेत लावलं नाही तर पाय टेकवावाच लागतो. गुडघेदुखीवाल्याला ती चालेल. ज्याच्या दोन्ही पायांत ताकद नाही त्याला न झुकणारीच गाडी पाहिजे, रायकरसारखी, पण स्कूटरच्या किमतीत. असं मॉडेल जाहीर करायला कुठल्या मोटर शोचा पडदा वर गेलेला नाही.

तोपर्यंत घरात कुणासाठी साइड व्हील बसवणार असाल तर एक काम आधी करा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करता येत नाही, पण दिव्यांग व्यक्तीसाठी गाडी अनुरूप करून घ्यायला त्यात मुभा आहे. त्यासाठी आरटीओची मंजुरी आणि आरसी बुकात नोंद लागते. गॅरेजवाला सगळं होऊन जाईल म्हणतो, पण अपघात झाल्यावर इन्शुरन्सवाला पहिल्यांदा तीच नोंद मागतो.