अरफज : उंटांनी खाल्लेलं की माणसांनी गमावलेलं?

झेंडू-शेवंतीच्या कुळातला ‘ऱ्हॅन्टेरियम’ हा मोजक्याच जातींचा झुडूपवंश. त्यातली ‘एपॅपोसम’ ही जात अरबस्तानात अरफज म्हणून ओळखली जाते. कुवेतचं ते राष्ट्रीय फूल. संयुक्त अरब अमिरातीच्या वालुकामय मैदानांतही ते उगवतं. वसंतात पिवळ्याधमक फुलांनी भरतं, उन्हाळ्यात पानं झडून नुसत्या काड्या उरतात. या काड्या मेलेल्या नसतात; पाऊस पडताच त्यांना पालवी फुटते. असं चिवट झुडूप अमिरातीत मागे हटलं, त्याचा दोष सरसकट दुष्काळाला देणं मला पटत नाही. अरफज उंटांचा आवडता चारा आहे, आणि अतिचराई झालेल्या जागी त्याऐवजी रुई माजते. उंट तिला सहसा तोंड लावत नाहीत. पाऊस दोघांवर सारखाच पडतो. फरक पडतो तो चरण्याने.

यावर कुणी म्हणेल, उंट तर वाळवंटात शतकानुशतकं आहेत. खरं आहे. पण वाळवंटातल्या भटक्या बदू टोळ्या पावसामागे फिरत, त्यामुळे चरलेल्या रानाला उसंत मिळे. आता पाणी टँकरने येतं, चारा विकत मिळतो. त्यामुळे झुडपं संपली तरी कळप तिथेच राहतो. म्हणून उपाय उंट हटवण्याचा नाही, रानाला आळीपाळीने विश्रांती देण्याचा आहे. ही विश्रांती फुलण्याच्या काळात हवी, कारण अरफजचं बी वाळलेल्या फुलबोंडातच राहतं आणि बोंडासकट गळतं. फुलण्याआधीच शेंडे खुडले गेले, तर पुढची पिढी जमिनीत पोचतच नाही.