काय झालं ते विचारू नका, आधी बसायला जागा द्या

ऑगस्ट २०१७ च्या अखेरीस म्यानमारच्या राखाईन प्रांतातून रोहिंग्या कुटुंबं नाफ नदी ओलांडून बांगलादेशात येऊ लागली. काही महिन्यांतच सात लाखांहून जास्त माणसं कॉक्स बाजार जिल्ह्यात पोहोचली. त्यांच्या मागोमाग तांदूळ, ताडपत्री, औषधं घेऊन मदत करणारे आले. पत्रकार आले, चौकशी करणारे आले, देणगीदारही आले. प्रत्येकाचा प्रश्न एकच, तिथे तुमच्यावर काय बेतलं? अनेक स्त्रियांना तीच रात्र अनोळखी माणसांसमोर पुन्हा पुन्हा सांगावी लागली.

विचारणाऱ्यांचा हेतू बहुतेक वेळा चांगलाच होता. जुलमाची नोंद व्हायला हवी, हेही खरंच. पण साक्ष घेणं वेगळं आणि जखम भरणं वेगळं. आपल्याकडे समज असा की मन मोकळं केलं की माणूस हलका होतो. स्वतःहून बोलला तर होतोही. मात्र आघातानंतर लगेच एका बैठकीत बसवून सगळं वदवून घ्यायच्या पद्धतीचा फायदा दिसत नाही, म्हणून जागतिक आरोग्य संघटना ती वापरू नका असंच सांगते.

याचं कारण समजून घेऊ. जीव वाचवून पळालेल्या माणसाचं शरीर धोका टळल्यावरही सावधच राहतं. ताडपत्री वाऱ्यानं फडफडली तरी तो दचकून उठतो. छाती धडधडते, झोप लागत नाही, मोठं मूल पुन्हा अंथरूण ओलं करू लागतं. हे वेड नाही, आणि ईमान कच्चं असल्याचं लक्षण तर मुळीच नाही. (हे वाक्य आपल्या घरांत फार सहज बोललं जातं, म्हणून मुद्दाम लिहितो.) अशा माणसाकडून जबरदस्तीनं आठवण काढून घेतली, तर शरीर तीच रात्र पुन्हा भोगतं.

आघाताची जाण ठेवून केलेली देखभाल इथून सुरू होते. समोरच्यानं खूप सोसलं असणार हे आपण धरून चालायचं, त्यानं ते सिद्ध करायची गरज नाही. बाकीचं दिसायला अगदी साधं आहे. खुर्ची दाराजवळ ठेवायची, म्हणजे कोंडल्यासारखं वाटत नाही. तपासण्याआधी हात कुठे लावणार ते सांगून परवानगी घ्यायची. स्त्रीसाठी स्त्री दुभाषी हवी, तीही शेजारची नको, कारण छावणीत बातमी पसरायला वेळ लागत नाही. आईचं दुखणं तिच्याच लहान मुलाच्या तोंडून वदवून घेणं तर सर्वांत वाईट. आणि ‘नाही’ म्हटल्यावर थांबायचं. ज्या माणसाच्या हातून घर, गाव, सगळे निर्णय हिसकावले गेले, त्याला त्या खोलीत तरी आपला शब्द चालतो हे कळायला हवं.

भाषेचा पेच वेगळाच. चितगावची बोली रोहिंग्यांच्या भाषेला जवळची आहे, पण तीच नव्हे. शिवाय दुःख अनेकदा शरीराच्या शब्दांत सांगितलं जातं. अंग जळतंय, छाती जड झालीय, डोकं फिरतंय. ऐकणारा फक्त गोळी देऊन पाठवतो, आणि दुखणं तिथंच राहतं. म्हणून छावण्यांतल्या रोहिंग्या तरुण-तरुणींनाच प्रशिक्षण देऊन मनोसामाजिक स्वयंसेवक करण्यात आलं. डॉक्टर नसतानाही असं काम होऊ शकतं. पेशावरमध्ये संघर्षाची झळ बसलेल्या लोकांना साध्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी पाच बैठकांत ताण हलका करणं, एकेक अडचण सोडवणं, पुन्हा कामाला लागणं, आपल्या माणसांशी जोडून घेणं शिकवलं. २०१६ मध्ये निष्कर्ष आले, चिंता आणि उदासी खरोखर कमी झाली होती.

इमामांनाही यात जागा आहे. दुआ, नमाज, सोबत बसणं यांचा आधार मोठा असतो. पण जो माणूस खाणंपिणं सोडतो, नसलेले आवाज ऐकतो किंवा जीव द्यायची भाषा करतो, त्याला निव्वळ तावीज देऊन परत पाठवणं चूक आहे. त्याला डॉक्टरकडे न्यायलाच हवं. दुआ थांबवा असं कोण म्हणतंय?

तरी एक गोष्ट झाकून चालणार नाही. रोहिंग्यांचा आघात सरलेला नाही. १९८२ च्या कायद्यानं म्यानमारमध्ये त्यांचं नागरिकत्व हिरावलं गेलं, ते परत मिळालेलं नाही. मार्च २०२१ मध्ये छावणीत आग लागली आणि सुमारे ४५ हजार माणसं पुन्हा उघड्यावर आली. कमाईची मुभा नाही, परतीची वाट नाही. समुपदेशनानं हे प्रश्न सुटत नाहीत, आणि सुटतात असं भासवणं म्हणजे त्या माणसांची फसवणूकच.

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली कितीतरी कुटुंबं मुंब्र्याला जाऊन राहिली. त्यांना कुणी निर्वासित म्हटलं नाही. आज त्या घरांतली एखादी दादी संध्याकाळ झाली की दार लावून घेते, फटाके वाजले की नातवंडांना आत ओढते, आणि घरचे म्हणतात, “तिचा स्वभावच तसा.” तिला काय झालं होतं ते खोदून विचारू नका. फटाक्यांच्या रात्री तिच्याजवळ बसा, दार लावू द्या. ती बोलू लागली तर मध्ये न तोडता ऐका.

झोप, भूक किंवा रोजची कामं बिघडली असतील तर सरकारच्या टेली-मानस सेवेला १४४१६ वर फोन करता येतो. सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते, मराठीतूनही बोलता येतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं सरकारी दवाखान्यात उपचार मिळणं हा आपला हक्क आहे, आणि उपचाराची माहिती गुप्त राहते. फोनवर पहिल्याच दिवशी सगळं सांगायची गरज नाही. “झोप लागत नाही” एवढं सांगितलं तरी पुरे.