पिवळ्या घरातले दोघे

फ्रान्सच्या दक्षिणेला आर्ल गावातल्या एका पिवळ्या घरात १८८८च्या ऑक्टोबर-डिसेंबरात जेमतेम नऊ आठवडे व्हिन्सेंट व्हॅन गॉग आणि पॉल गोगँ एकत्र राहिले. कलावंतांबद्दलचे दोन चिवट गैरसमज याच दोघांच्या नावावर खपतात.

गैरसमज: डोकं फिरल्याशिवाय अशी चित्रं होत नाहीत.

वस्तुस्थिती: झटका आला की व्हॅन गॉगचं काम ठप्प व्हायचं. स्वतःचा कान कापून घेतल्यानंतर, मे १८८९मध्ये तो आपण होऊन सँ-रेमीच्या मनोरुग्णालयात गेला. ‘स्टारी नाइट’ जूनमधलं, बरं वाटत असतानाचं. जुलैत झटका आला, त्यात त्यानं रंग खाल्ले आणि काही आठवडे रंगकाम बंदच झालं. आजार नसता तर किती काम झालं असतं, अशी हळहळ भाऊ थिओला लिहिलेल्या पत्रात आहे. थिओला लिहिलेल्या पत्रांतच रंगांच्या नळ्यांच्या याद्या आहेत, कॅनव्हासचा हिशेब आहे. हेगला असताना त्यानं दोरे ताणलेली एक चौकट करवून घेतली होती. अंतराचा अंदाज नेमका यावा म्हणून. तिच्या पायांना लोहाराकडून लोखंडी टोकं बसवली, म्हणजे वाळूच्या टेकड्यांवरही ती रोवता यावी. वेडाच्या भरात कोणी एवढी उस्तवार करत नाही.

आकडेही या समजाला फारसा आधार देत नाहीत. स्वीडनमध्ये सुमारे १२ लाख रुग्ण व त्यांच्या नातेवाइकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा एकंदर सर्जनशील पेशांत बायपोलर सोडता मानसिक आजार जास्त आढळले नाहीत. लेखकांत मात्र आढळले. तेव्हा आम्ही लिहिणाऱ्यांनी फार हुरळू नये.

गैरसमज: मोठ्या कलेसाठी संसारावर लाथ मारावीच लागते, प्रतिभावंताला सगळं माफ.

वस्तुस्थिती: गोगँ शेअर बाजारात नोकरी करता करताच चित्रं काढत होता, १८७६मध्ये पॅरिसच्या ‘सालों’ या प्रदर्शनात त्याचं चित्र लागलंही. १८८२मध्ये बाजार कोसळला आणि मिळकत आटली. मग कोपनहेगनला सासुरवाडीच्या गावी ताडपत्री विकून पाहिली, तेही जमलं नाही. १८८५मध्ये तो पॅरिसला परतला. मागे राहिलेली बायको मेट फ्रेंचच्या शिकवण्या करून मुलांचं बघू लागली. एका झटक्यात सर्वस्व सोडणारा चित्रकार रंगवला तो सॉमरसेट मॉमच्या १९१९च्या कादंबरीनं.

पुढे तो ताहितीला गेला. तिथल्या गोष्टीला मात्र गरिबीचीही सबब नाही. तिथं त्यानं तेरा-एक वर्षांच्या मुलीला बायको म्हणून घरात आणलं. चित्रं अव्वल आहेत म्हणून तिचं वय वाढत नाही. ‘त्या काळी चालायचं’ म्हणणाऱ्यांना सांगायला हवं, की हे वय कोणा टीकाकारानं उकरून काढलेलं नाही. गोगँनंच ते ‘नोआ नोआ’ या आपल्या पुस्तकात दिलंय.